दुकानातला उलटा कोड

“बाबा, आज तो पासवर्ड बदलायचाच,” म्हणत धाकटीनं जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसकण मारली. कपाळावर ओल्या फडक्याची घडी, डोळे मिटलेले. “आज परत कॉल तुटला. तिकडं गिऱ्हाईक ओरडतंय आणि मी इथं नुसती हॅलो हॅलो करतेय. ऑफिसातल्या आमच्या बाई म्हणाल्या, तुमच्याकडं नेट आहे की नुसती गंमत आहे?”

नंबरकाका काउंटरमागं एका फ्रेमची काडी सरळ करत होते. “बदलू,” ते म्हणाले, “बघू.”

“हे ‘बघू’ ऐकून माझे कान किटले.”

“गिऱ्हाइकांची सोय आहे ती. एकदम बदलून कसं चालेल?”

“कुठली गिऱ्हाइकं? अहो, अख्खी गल्ली आपल्या नेटवर जगतेय! एकानं त्या कोडचा फोटो काढला की झालं, तो दहाजणांना वाटतो. सगळे मजेत सिनेमे बघतात आणि आम्ही घरचे कोरडेच.” तिनं फडक्याची बाजू पालटली. “आणि हे डोकं! दुपार झाली की ठणकायला लागतं ते थांबतच नाही.”

“नेट सुधारलं की डोकंही थांबेल.”

आता सांगा, डोळे तपासून पोट भरणाऱ्या बापानं पोरीला असं उत्तर द्यावं का? पण दिलं खरं. बोलताना त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही. धाकटी पाय ओढत जिना चढून गेली आणि वरून पुन्हा तिचा तो कामाचा गोड आवाज ऐकू यायला लागला: आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. एका कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी घरी बसून ऐकायच्या, ही तिची नोकरी. कंपनी लांबच्या शहरात. दिवसभर लोकांच्या शिव्या झेलायच्या आणि दोन्ही वेळा बापाला जेवायला वाढायचं. आई गेल्यापासून हे असंच चाललं होतं.

नंबरकाकांना खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. चष्म्याचा नंबर काढून देतात म्हणून नंबरकाका. दुकान म्हणजे एक अरुंद बोळ, त्यावर दोन खोल्यांचं घर. डोळे तपासायला माणूस आणि तक्ता यांच्यात जेवढं अंतर हवं तेवढं या दुकानात कुठून असणार? म्हणून उलट्या अक्षरांचा तक्ता खुर्चीच्या डोक्यावर, आणि समोर, दुकानाच्या मागच्या भिंतीला आरसा. माणूस खुर्चीत बसून आरशात बघतो, उलट्याचं सुलटं होतं आणि आहे त्याच जागेत अंतर दुप्पट होतं. काकांच्या हयातीचं सगळं डोकं या आरशात गेलेलं. कुठलीही छापील गोष्ट हातात आली की ही आरशात कशी दिसेल, हाच विचार त्यांच्या मनात आधी यायचा.

नेट आणलं ते थोरल्या पोरानं, धाकटीच्या दादानं. दुकानाला आणि घराला मिळून एकच. काचा बसेपर्यंत गिऱ्हाइकं ताटकळतात, त्यांना नेट दिलं तर दुसरीकडं जाणार नाहीत, हे त्याचं म्हणणं. सारखा पासवर्ड कोण सांगत बसणार, म्हणून त्यानं फोनवर तो चौकोनी काळ्या ठिपक्यांचा कोड काढला आणि छापून आणायला बापाकडं दिला. बापानं काय करावं? झेरॉक्सवाल्याकडं जाऊन तो कोड उलटा करून घेतला. आरशात सुलटा दिसायला नको का! आणून लावला तक्त्याच्या शेजारी.

काही फोनना तो तसाच उलटा चालला, काहींना काही केल्या चालेना. मग ती माणसं खुर्चीत बसून, मान वाकडी करून, आरशावर फोन रोखायची. थोरला हे बघून पोट धरून हसला. हसता हसता खाली बसला. “बाबा, हा तक्ता नाही हो! याला डोळे नाहीत, याला कसला आरसा?” काकाही हसले. “राहू दे तसाच,” म्हणाले, “खुर्चीत बसल्यावर चारजण नंबर तरी तपासून घेतील.” आणि कोड राहिला तसाच.

बापलेक एकत्र हसले ते तेवढंच शेवटचं. पुढं थोरल्यानं आपोआप नंबर काढणारं मशीन घ्यायचा हट्ट धरला. एक दिवस भरल्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, काका म्हणाले, “दुकान चालवायला डोकं लागतं. ते असतं तुझ्याकडं तर मशीन मागितलं नसतंस.” थोरल्यानं हातातला भिंगांचा ट्रे जपून खाली ठेवला, वर गेला आणि बॅग घेऊन उतरला. काका मागून ओरडले, “गेलास तर परत या घराची पायरी चढू नकोस!” संध्याकाळी धाकटीलाही बजावलं, “त्याचं नाव या घरात काढायचं नाही.” धाकटी गुणी पोर. तिनं नाही काढलं.

आता पासवर्ड का बदलायचा नव्हता, ते ऐका. हे काकांनी एकाही जिवंत माणसाला सांगितलेलं नव्हतं.

थोरला घरात होता तेव्हाच, नेट अडकलं तर चालू करता यावं म्हणून धाकटीनं बापाच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं होतं. त्यात घरातल्या फोनना तिनं नावं दिलेली: बाबा, मी, दुकान, दादा. जो फोन नेटला जोडलेला असेल त्याच्यापुढं हिरवा ठिपका, नसेल त्याच्यापुढं करडा. थोरला गेला त्यालाही बरेच दिवस झाले होते. एका दुपारी काका सहज ॲप उघडून बघतात, तर ‘दादा’पुढं हिरवा ठिपका!

काका चपला न घालता रस्त्यावर धावले. समोर शाळेची भिंत, भिंतीला लागून पोरं न्यायला आलेल्या व्हॅन, आयाबापांचा घोळका. या टोकापासून त्या टोकापर्यंत तोंडं न्याहाळली. थोरला कुठंच नाही. परत येऊन बघतात तर ठिपका करडा झालेला.

“मला बघून पळाला,” काका स्वतःशी म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी दुपारचं बाहेर जायचं सोडलं. दुपार झाली की दाराचा पडदा ओढून घ्यायचे. बाप दिसला नाही तर पोरगा निवांत उभा तरी राहील. आत फोन हातात धरून बसायचे. ठिपका हिरवा झाला की त्यांना वाटायचं, आला. आपल्या घराजवळ उभा आहे, आपलंच नेट वापरतोय. पायरी चढू नकोस म्हटलं होतं आपण, तो शब्द पाळतोय बिचारा आणि तरीही येतोय. शाळा सुटली की ठिपका जायचा. गर्दीतून तोंड चुकवून जात असणार! शाळेला सुट्टी लागली की ठिपका यायचाच नाही. रस्ता मोकळा असतो, ओळखू येईल म्हणून येत नसेल! माणसानं एकदा ठरवलं की त्याला सगळं पटतं.

हाक मारावी, फोन करावा, हे रोज मनात यायचं. पण मारायची कशी? भरल्या दुकानात बोललेला शब्द आधी परत घ्यावा लागला असता. आणि पासवर्ड बदलला तर? पोरगा रस्त्यावर उभा राहील, फोन काढेल, नेट लागणार नाही. मनात काय म्हणेल? बापानं हेही दार लावलं.

बरं, नुसता पासवर्ड राखून काका थांबले असते तर एक वेळ ठीक. पण रस्त्यापर्यंत नेट जेमतेम पोहोचायचं आणि ठिपका सारखा येजा करायचा. म्हणून त्यांनी नेटवाल्याला गाठून वायर वाढवून घेतली आणि जिन्याखालच्या फळीवरचा नेटचा डबा उचलून थेट रस्त्याकडच्या शोकेसमध्ये, फ्रेमांच्या जाहिरातीच्या पुठ्ठ्यामागं नेऊन ठेवला. रस्त्यावर नेट झक्क पोहोचायला लागलं. वर धाकटीच्या खोलीत किती पोहोचत असेल, हे सांगायला नको.

जिन्याखालच्या फळीवर डब्याला आईनं विणलेलं क्रोशाचं कव्हर असायचं. काकांनी ते फ्रेमांच्या एका रिकाम्या खोक्यावर चढवून ठेवलं. हुबेहूब. धाकटी रोज त्याच्यावरून धूळ झटकत होती.

पासवर्डचं बोलणं झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी धाकटीनं बापाला न विचारता वरूनच तो बदलून टाकला. दुपारी जेवताना सांगितलं, “बाबा, बदलला. तुमच्या आणि दुकानाच्या फोनमध्ये नवा घातलाय. तुम्हाला नवा कोडही पाठवलाय. गिऱ्हाइकांना तुमच्या फोनवर दाखवा, भिंतीवर लावू नका.”

काकांनी घास परत ताटात टाकला. “मला विचारायचं तरी होतंस.”

“विचारलं की. वर्षभर विचारतेय.”

“काही म्हणून सांगितलेलं कळत नाही तुला!”

“काय सांगितलंत तुम्ही मला, बाबा? काय सांगितलंत?” तिचा आवाज चढला नाही. चढवायला अंगात जोर हवा ना. “आमच्या बाईंनी निर्वाणीचं सांगितलंय. आठवडाभरात नेट सुधारलं नाही तर तिकडं ऑफिसात येऊन बसा, नाहीतर दुसरी नोकरी बघा. मला भांडायला वेळ नाहीये.”

काकांनी ताट सरकवलं. खाली जाऊन पडदा ओढला, फोन घेतला. दादा, करडा. दुसऱ्या दिवशीही करडा. तिसऱ्या दिवशी काचा घासताना त्यांचा हात चुकला आणि एका गिऱ्हाइकाची डावी काच वाया गेली, असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. रस्त्यावर माझा पोरगा फोन हातात घेऊन उभा आहे आणि त्याला कळलंय की आपलं इथं काही राहिलं नाही. हा एकच विचार डोक्यात घोळत होता.

मग त्यांना युक्ती सुचली. नवा कोड छापून शोकेसच्या काचेवरच लावून टाकावा, रस्त्याकडं तोंड करून! थोरल्याला आत यायला नको, बापाचं तोंड बघायला नको. काचेसमोरून फोन फिरवला की झालं. धाकटीनं कष्टानं बंद केलेलं दार आपण पुन्हा सताड उघडतोय, हे काकांना कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण लांब गेलेल्या पोरानं जीव एवढा खाल्ला होता की जवळच्या पोरीसाठी काही उरलं नव्हतं. असं होतं माणसाचं, काय करणार.

झेरॉक्सवाल्याकडं गेले आणि सवयीनं म्हणाले, “काचेवर लावायचाय. उलटा करून दे.”

झेरॉक्सवाला म्हणाला, “काका, कागद बाहेरून दिसणार ना? मग उलटा कशाला?”

“तू मला शिकवू नकोस. काच आणि आरसा यांच्यात हयात गेली माझी.”

त्यानं खांदे उडवले आणि उलटा छापून दिला.

दोन दुपारी तशाच गेल्या. तिसऱ्या दुपारी काका पडद्याआड बसलेले असताना दार ढकलून एक बाई आत आली. पायात बूट, गळ्यात शिट्टी, हातात फोन. शाळेची व्हॅन चालवणारी. रोज समोर भिंतीला तिची पिवळी व्हॅन लागायची. काकांनी ती शेकडो वेळा पाहिली असेल आणि एकदाही पाहिली नसेल.

“काका, तो बाहेरचा कोड काही लागत नाही हो,” ती म्हणाली. “किती वेळा धरून बघितला. आधी कसं छान आपोआप लागायचं. शाळा सुटेपर्यंत पोरीचा अभ्यास बघायचे मी व्हिडिओवर. आता चार-पाच दिवस झाले, सगळं ठप्प.”

काकांचं बोलण्याकडं लक्षच नव्हतं. ते तिच्या हातातल्या फोनकडं बघत होते. निळं कव्हर, एक कोपरा तुटलेला, तिथं काळी चिकटपट्टी. ती चिकटपट्टी त्यांनीच लावली होती. याच काउंटरवर.

“हा फोन तुमच्याकडं कसा?”

“हा? अहो, तुमच्या मुलानंच दिला!” बाई मोकळेपणानं हसली. “आमच्याकडं खोली घेऊन राहायचा ना. लांब नोकरी लागली तेव्हा नवीन फोन घेतला आणि हा मला देऊन गेला. माझा पडून फुटला होता. नुसतं त्याचं कार्ड काढलं, बाकी सगळं तसंच. म्हणाला, ताई, तुम्ही शाळेसमोर थांबता, तिथं आमच्या दुकानाचं नेट मिळेल, बघा लागतंय का. पहिल्याच दिवशी लागलं!”

“कधी... कधी गेला तो?”

“झालं की वर्षाच्या वर. का हो, तुम्हाला माहीत नाही?” बाईला आता ओशाळल्यासारखं झालं. “मी विचारलं होतं त्याला, पासवर्ड बदलला म्हणजे? तर म्हणाला, बाबा नाही बदलायचे. त्यांना बदलताच येत नाही.”

बाहेर शाळेची घंटा झाली. “येते हं,” म्हणून बाई लगबगीनं गेली. व्हॅनभोवती पोरांचा कालवा झाला, दारं आपटली आणि मग रस्ता रिकामा झाला.

काका उभेच होते. म्हणजे तो आलाच नव्हता. एकदासुद्धा नाही. एवढ्या दुपारी पडदा ओढून, श्वास रोखून ज्याच्या सोबतीला बसलो, ती व्हॅनमध्ये पोरीचा अभ्यास बघणारी एक बाई होती. त्यांना रडायला यायला हवं होतं. आलं नाही. फक्त आपण किती म्हातारे झालोय हे एकदम कळल्यासारखं झालं.

जिन्यावर पावलं वाजली. धाकटी खाली आली. कपाळावर तेच ओलं फडकं.

“झालं, बाबा,” ती पायरीवर बसत म्हणाली. “पासवर्ड बदलून काडीचा उपयोग झाला नाही. नेट होतं तसंच. मी उगाच गल्लीला बोल लावला. ऑफिसातल्या बाईंना सांगितलं मी, येते तिकडंच. खोली बघते. महिन्याच्या महिन्याला येत जाईन तुमच्याकडं. स्वयंपाकाला कुणीतरी बघून देते जायच्या आधी.”

काकांनी तिच्याकडं पाहिलं. खरंच पाहिलं. ती बोलताना डावा डोळा बारीक करत होती. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघताना मान किंचित तिरकी करत होती. गिऱ्हाईक असतं तर दारातून आत येतानाच त्यांनी ओळखलं असतं.

“इकडं ये,” ते म्हणाले. “खुर्चीत बस.”

“कशाला?”

“डोळे तपासतो.”

ती कोरडं हसली. “आज कसं काय आठवलं?” पण येऊन बसली. दमलेल्या माणसाला खुर्ची दिसली की तो फार विचार करत नाही.

काकांनी दिवा लावला. “आरशात बघ. वाच.”

पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसरीला अडखळली. “हे एकमेकांत मिसळलंय. हे आणि हेही. खाली तर नुसत्या मुंग्या.”

“कधीपासून?”

“डोकं दुखतंय तेव्हापासून असेल. सांगितलं होतं की मी. तुम्ही म्हणालात, नेट सुधारलं की थांबेल.”

काकांनी तपासणीची जड, गोल फ्रेम तिच्या नाकावर चढवली आणि एकेक भिंग घालायला लागले. “आता बरं की आधीचं?” “आधीचं.” “आता?” “थोडं बरं.” त्यांनी भिंग हळूहळू फिरवलं. “आता?”

धाकटी हळूच म्हणाली, “अगं बाई.”

“वाच ना.”

तिनं ओळ वाचली नाही. ती तक्त्याकडं बघतच नव्हती. आरशात तक्त्याच्या खाली, खुर्चीच्या मागं, शोकेसची आतली बाजू दिसत होती.

“बाबा, तिथं मला कायम हिरवं हिरवं फिस्कटलेलं दिसायचं. मला वाटायचं जाहिरातीचे दिवे असतील.” ती पुढं झुकली. “तो तर नेटचा डबा आहे. आपला.”

काकांनी हातातलं भिंग ट्रेमध्ये ठेवलं.

“मग जिन्याखाली आईच्या कव्हरात काय आहे?”

“रिकामा खोका. फ्रेमांचा.”

ती त्या अवजड फ्रेमसकट वळली. एरवी दोघंही हसले असते. कुणी हसलं नाही. “कुणी ठेवला इथं?”

“मी.”

आणि मग काकांनी सगळं सांगितलं. खुर्चीमागं उभं राहून, तिच्या आरशातल्या तोंडाकडं बघत, कारण समोर येऊन सांगायची छाती नव्हती. हिरवा ठिपका, पडदा, वाढवून घेतलेली वायर, काचेवरचा कोड, व्हॅनवाली, सगळं.

धाकटीनं फ्रेम काढून मांडीवर ठेवली.

“दर आठवड्याला फोन येतो त्याचा मला,” ती म्हणाली. “सुट्टी असली की. बरा आहे तो. वजन वाढलंय. तुम्ही म्हणालात नाव काढायचं नाही, म्हणून मी नाही काढलं. तो विचारतो, बाबा कसे आहेत. मी सांगते, आहेत.” तिनं डोळे पुसले, रागानं, मनगटानं. “मला विचारायचं होतंत, बाबा. रस्त्यावर काय बघत बसलात? मी वरच तर होते.”

काकांनी जन्मात कुणाला न म्हटलेलं वाक्य म्हटलं. “चुकलं माझं, बाळ. त्याच्या बाबतीत चुकलं आणि तुझ्या बाबतीत तर फारच चुकलं.”

माफ केलं असं ती म्हणाली नाही. उठून जायला लागली तेव्हा काकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला परत बसवलं. “उजवा डोळा राहिलाय.” आणि उजवा डोळा तपासला. नंबर डाव्याहून जास्त निघाला.

नंतर त्यांनी शोकेसमधून डबा काढला, वायर गुंडाळत गुंडाळत जिना चढले आणि धाकटीच्या टेबलाशेजारी नेऊन ठेवला. धापा टाकत खाली येऊन आईचं कव्हर खोक्यावरून काढलं, झटकलं, वर नेऊन डब्यावर घातलं. धाकटी दारात उभी राहून बघत होती.

“आता बघ लागतंय का. लागलं तर तुझ्या ऑफिसातल्या बाईंना सांग. जायचंच असेल तर जा, मी अडवणार नाही. पण नेट नाही म्हणून जाऊ नकोस.”

तिनं फोन बघितला. नेट भरभरून येत होतं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि बापाकडं न बघता म्हणाली, “विचारते बाईंना.”

काका निघाले. दुकानात गिऱ्हाइकांच्या काचा खोळंबल्या होत्या. त्या बाजूला सारून आधी हिच्या घासायच्या, असं त्यांनी मनाशी ठरवलं. दारात ते थांबले.

“ऐक. तो नवा कोड त्यालाही पाठव.”

“दादाला? बाबा, तो गाडीनं दिवसभराच्या वाटेवर राहतो. तिकडं कसं लागेल आपलं नेट?”

“तिकडं नाही लागणार, एवढं कळतं मला. पाठव. म्हणावं, बाबांनी दिलाय. कधी आला तर असू दे त्याच्याजवळ.” एक पायरी उतरून ते पुन्हा वळले. “आणि तुझ्याकडचा पाठव. सुलटा. मी छापलेला नको.”